मऊ हाड

"मॅडम, सकाळच्या त्या पोरीच्या पायाची बोटं हलत नाहीयेत," सिस्टर वर्षाराणी दारातूनच म्हणाली, तेव्हा शिवांजलीच्या हातातला चहा अजून अर्धा होता. वर्षाराणीच्या आवाजात घाई नव्हती. वॉर्डातली कुठलीही गोष्ट ती अशाच आवाजात सांगायची, सलाईन संपल्याचं असो की कुणी गेल्याचं. "शुद्धीवर आल्यापासून एकदाही हलवली नाहीत म्हणते तिची आई. मी पण बघितलं. हलव म्हटलं तर नुसती बघते." शिवांजलीनं कप टेबलावर ठेवला. ठेवताना बशीचा आवाज झाला आणि तो तिला फार मोठा वाटला. सकाळपासून अंगात एक हलकं सुख होतं, कुणाला सांगण्यासारखं नसलेलं, एकटीनं जपून ठेवण्यासारखं. ते त्या आवाजाबरोबर कुठंतरी खाली बसलं. "ऑपरेशनचाच पाय ना?" तिनं विचारलं. वर्षाराणी म्हणाली, "हो, डावा. पाय गरम आहे, रंगही चांगला आहे. प्रविण सरांना फोन लावला, ते दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आहेत. म्हणून तुमच्याकडं आले."

पाय गरम आहे, रंग चांगला आहे. म्हणजे रक्त पोचतंय. शिवांजली व्हरांड्यातून चालायला लागली आणि चालता चालता मनातल्या मनात सकाळ पुन्हा सुरुवातीपासून बघायला लागली. म्हाळसा सहा वर्षांची होती, नेकनूरकडची. जन्मापासून तिच्या डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीबाहेर होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चालायला लागली तेव्हा पोर डुलत चालते, एवढंच सगळ्यांनी म्हटलं. अस्थिरोगाच्या प्रविण सरांनी आज तो गोळा वाटीत बसवला आणि छातीपासून खाली प्लास्टर घातलं, डाव्या पायाला बोटांपर्यंत, उजव्याला गुडघ्यापर्यंत. शिवांजलीचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं होतं. पोरीला झोपवणं, आणि जागी झाल्यावर तिचा खुबा पेटून उठू नये याची सोय करणं. आजवर इथं अंबाजोगाईत लहान मुलांसाठी ती माकडहाडाजवळून सुई देत आली होती. त्यानं कमरेखालचं सगळंच बधिर होतं, दोन्ही पाय, लघवीसुद्धा, आणि औषध उतरलं की दुखणं एकदम अंगावर येतं. या वर्षी सोनोग्राफीचं नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबर लहान मुलांसाठीचा एक बारका, बोटाएवढा प्रोब आला. हैदराबादला जाऊन ती शिकून आली होती. आल्यावर काही महिने तिनं सुई हातात न घेता नुसतं बघितलं. हर्नियाची मुलं, मोडलेल्या पायांची मुलं, भुलेत झोपली की त्यांच्या जांघेवर ती तो प्रोब ठेवायची आणि स्क्रीनकडं बघत राहायची. प्रविण सर चेष्टा करायचे, "झालं का तुमचं गावदर्शन?"

ते गावच होतं एक. वर कातडी, खाली चरबीचा धुरकट थर, मग रोहिणी, काळी, गोल, ठोके देणारी. ती सापडली की वाट सापडायची. तिच्या शेजारी मांडीची नस, मज्जातंतूंची जुडी, पांढुरकी, तिकोनी, मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखी छिद्राछिद्रांची. तिच्याखाली कमरेच्या आतून येणारा जाड स्नायू, आणि त्या स्नायूवर ताणून बसवलेला पातळ चमकता पडदा. औषध त्या पडद्याखाली जायला हवं, बस. तिथं गेलं की ते आपल्या वाटेनं वर चढतं आणि खुब्याकडं जाणाऱ्या नसांना गाठतं. मोठ्या माणसात हे सगळं खोल असतं, मुलांत ते कातडीच्या अगदी खाली, सुईचं टोक जरा पुढं गेलं की दुसऱ्याच घरात. आणि हाडं. मोठ्या माणसाचं हाड स्क्रीनवर पांढऱ्या कडेसारखं दिसतं, त्याच्यामागं सगळा अंधार. ध्वनी तिथं आपटतो आणि परत येतो. मुलांची हाडं कडेला अजून कूर्चेची असतात, मऊ. ध्वनी त्यांच्यातून आरपार जातो. म्हाळसाच्या कमरेच्या हाडाचं टोक तिला सकाळी असंच दिसलं होतं, गडद, आत बारीक बारीक ठिपके, कड अशी नाहीच. अजून हाड व्हायचं असलेलं हाड. शिवांजली क्षणभर त्याच्याकडंच बघत राहिली होती. मग सुई, तिरपी, पांढऱ्या रेघेसारखी येत गेलेली, पडद्यापाशी थांबलेली, पडद्याला खळगा पाडून एकदम आत गेलेली. औषधाचा काळा थेंब पसरला, पडदा वर उचलला गेला, भरत आलेल्या पखालीसारखा. सगळं दिसलं होतं. सगळं जागच्या जागी होतं. तिथूनच तर ते सुख आलं होतं.

पण बोटं हलत नाहीत. बोटं हलवणारी नस पुढून येतच नाही, ती मागून येते, कुल्ल्यातून, मांडीच्या पाठीमागून. तिच्या औषधाचं तिथं काही काम नव्हतं. मांडी जड पडली असती, गुडघा उचलता आला नसता, तर ते धरलेलंच होतं. बोटं हलायलाच हवीत. मग एक तर इतकी वर्षं वर सरकलेला गोळा खाली ओढताना मागची नस ताणली गेली, किंवा प्लास्टर कुठं रुतलं, किंवा तिला जे दिसलं त्यापलीकडं काहीतरी होतं जे तिला दिसलं नाही. तिसऱ्या शक्यतेपाशी तिचं मन पुन्हा पुन्हा जाऊन थांबत होतं, जीभ दुखऱ्या दातापाशी जाते तसं. पडदा भरताना उजवीकडं एक सावली होती का? होती. ती स्नायूची होती. स्नायूचीच होती का? व्हरांड्यात नातेवाईक डबे उघडून बसले होते, ठेच्याचा वास येत होता, कुणीतरी पाय आखडून तिला वाट दिली. बाहेर कडुनिंबाखाली थंडीचं ऊन पडलं होतं आणि कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. हे सगळं इतकं नेहमीचं होतं की तिला त्याचा राग आला.

आणि मग, चालतानाच, तिच्या तळहातांना ती बोटं आठवली. म्हाळसाची नव्हेत, रविची. तिचा धाकटा भाऊ. माजलगावच्या मोंढ्यात वडिलांचं, वैजिनाथअप्पांचं, भुसार दुकान होतं आणि रवि पोत्यांच्या थप्पीवरून पडला होता. मांडी मोडली. त्याला टेम्पोत घालून ज्या हाडवैद्याकडं नेलं, त्याच्या ओसरीवर शेणानं सारवलेली जमीन होती आणि एक कोंबडी होती, ती कितीही हाकलली तरी परत येत होती. शिवांजली तेव्हा तिसरीत का चौथीत. वैद्य म्हणाला, पाय धरणारं कुणीतरी लागेल. अप्पांनी खांदे धरले, आईनं तोंड फिरवलं, आणि पाय शिवांजलीकडं आले. धड पाय तिनं धरला, तळव्याखाली हात घालून. वैद्यानं मोडका पाय ओढला. रविच्या ओरडण्याचा आवाज आता तिला आठवत नाही, खरंच आठवत नाही, पण प्रत्येक ओरडण्याबरोबर तिच्या तळहातात त्याची पाच बोटं आखडायची आणि उलगडायची, आखडायची आणि उलगडायची, एखादा बारका जीव मुठीत धरावा तशी. ते तिच्या हातांनी ठेवून घेतलं. अप्पांचा चेहरा घामानं भिजला होता, कपाळावरची विभूती ओघळून भुवईत आली होती, आणि ते एकच म्हणत होते, "झालं रे राजा, झालं रे." झालेलं नसायचं. मागच्या दिवाळीला तिनं रविला विचारलं होतं. आता तो दुकान बघतो, थप्पीवर चढून हिशेबाच्या आरोळ्या मारतो, पायाचं नावही नाही. "तुला आठवतं का रे ते?" तो करंजी खात होता. म्हणाला, "कोंबडी आठवते अक्का. लई चिवट कोंबडी होती." आणि हसला. ज्याचं दुखलं तो विसरून गेला आणि जिनं धरलं तिच्या हातात ते राहिलं, याचं तिला त्या दिवशी वाईट वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटलं होतं. त्याचं तरी गेलं.

वॉर्डात मधल्या रांगेत म्हाळसा होती. पांढऱ्या प्लास्टरात ती साच्यात ओतल्यासारखी पडली होती, पाय फाकलेले, दोन पायांच्या मध्ये आधाराची काठी, वर दोन वेण्या आणि कपाळावर मोठा काळा टिळा. तोंड कोरडं, डोळे उघडे. ती रडत नव्हती. शिवांजलीनं इतकी मुलं बघितली होती या खाटांवर, असं ऑपरेशन होऊन, आणि ती सगळी रडत असायची किंवा रडून थकलेली असायची. ही छताकडं बघत होती. शेजारी तिची आई, मनिषा, पदर कमरेला खोचून उभी, विशी ओलांडून थोडीच पुढं गेलेली. शिवांजलीला बघताच ती पुढं आली.

"मॅडम, हिचा पाय गेला का ओ?"

"थांबा. मला बघू द्या."

"म्या मगापून बगतेय. येक बोट हालंना. हिचा बाप भाकरी आनाया गेलाय पाव्हन्याकडं, त्येला काय सांगू म्या? धडधाकट चालत आलती. डुलत का व्हईना, चालत आलती."

शिवांजलीनं तिच्या दंडाला हात लावला आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. प्लास्टरच्या तोंडातून डाव्या पायाची पाच बोटं बाहेर आली होती, धुळीनं काळवंडलेल्या रेषांची, गुलाबी नखांची. अंगठ्याच्या नखावर जुना लाल रंग अर्धा निघालेला. तिनं नख दाबलं, पांढरं झालं, सोडल्यावर लगेच गुलाबी झालं. प्लास्टरच्या कडेतून तिनं बोट घातलं, जागा होती. रुतलेलं नव्हतं. मग राहिलं काय. तिनं उजव्या पायाकडं बघितलं, सहज, तुलनेसाठी. तो गुडघ्याखाली पूर्ण मोकळा होता, त्याला ना सरांनी सुरी लावली होती ना तिनं सुई. "म्हाळसा, हा पाय हलव बरं," उजव्या तळव्याला बोट लावून ती म्हणाली. उजवं पाऊल हललं नाही.

दोन्ही. दोन्ही पाय म्हणजे मागची नस नाही, प्लास्टर नाही. दोन्ही पाय म्हणजे औषध कण्याकडं गेलं. पण कण्याकडं तिची सुई गेलीच नव्हती. तिनं स्क्रीनवरचं चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणलं, रोहिणी, नस, स्नायू, काळा थेंब, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण जे बघितलं म्हणतो ते आपण आता रचतो आहोत. सकाळचं सुख हे अज्ञानाचं सुख होतं, असं वाटलं. वर्षाराणी तिच्याकडं बघत होती. मनिषा तिच्याकडं बघत होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा उठून बसली होती. फक्त म्हाळसा तिच्याकडं बघत नव्हती. शिवांजलीला ते तेव्हा जाणवलं. पोरीची नजर छताला होती, मानही सरळ, हात दोन्ही बाजूंना चिकटवलेले. हात. हातांना काय झालं होतं? हात पण हलत नव्हते. बोटांनी चादरही धरली नव्हती. माशी गालावर बसली, गालाची कातडी थरथरली, पण हात उठला नाही. माशी वर्षाराणीनं हाकलली.

शिवांजली पायथ्यावरून उठून उशाशी आली. वाकली. खोबरेल तेलाचा वास आला.

"म्हाळसा, मी पायाला हात लावला ते कळलं का तुला?"

पोरीचे डोळे आईकडं गेले. मान गेली नाही.

"सांग की मॅडमला," मनिषा म्हणाली.

"कळलं," म्हाळसा म्हणाली. ओठ जेमतेम उघडून, जपून, भरलेली घागर डोक्यावर असलेल्या बाईसारखं.

"दोन्ही पायांना?"

"हां."

"बोटं हलवता येत नाहीत का?"

"येतेत."

"मग हलवत का नाहीस?"

म्हाळसा अगदी हळू म्हणाली, "आई म्हनली हलू नको."

मनिषानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, खाडकन. "आगं माजी बाय," ती म्हणाली, आणि हसायला लागली आणि हसता हसता खाली फरशीवर बसली. "म्या म्हनलं मॅडम. सकाळी आत न्येताना म्या म्हनलं हिला, तितं हलू नको, हलली न्हाई तर दुखनार न्हाई. म्हाईत असतं तर कशाला म्हनले असते. हिला लहानपनापून तसंच सांगितलंय ओ. आमी कारखान्याला जायचो ऊसतोडीला, ही बारकी, हिला फडाच्या कडंला पोत्यावर बसवायची म्या. हिला पळता येत न्हाई. ट्रॅक्टर मागं आला, बैल उधळला, तर ही काय पळनार? मंग सांगायची, हितं बस, म्या येस्तोवर हलू नको. म्या यायाची तर ही तशीच. तोंडावर पाचट उडून पडलंय, मुंग्या चडल्यात, तरी तशीच." तिनं पदरानं डोळे पुसले, पण चेहरा हसराच राहिला. "लई आयकते. येवडी आयकती पोर न्हाई कुनाची."

शिवांजली स्टूल ओढून बसली. स्क्रीनवरचं चित्र परत आलं, रोहिणी, नस, मऊ हाड, काळा थेंब, सगळं जागच्या जागी, कुणी रचलेलं नव्हे, बघितलेलं. तिनं म्हाळसाकडं बघितलं. "दुखतंय का कुठं?"

"न्हाई."

"अजिबात?"

"हलले न्हाई मी," म्हाळसा म्हणाली. आवाजात अभिमान होता. "म्हनून न्हाई दुखलं."

वर्षाराणी फसकन हसली आणि शिवांजलीकडं बघून तिनं हसू आवरलं. हैदराबाद, ते काही महिने, ती बारकी मुलं आणि त्यांच्या जांघा, सुईचं टोक, पडद्याचा खळगा, सगळ्याचं श्रेय त्या एका वाक्यात पोरीनं स्वतःकडं घेतलं होतं. शिवांजली आत तपासून बघत होती, कुठं लागलं का ते. लागलं नव्हतं. उलट हसू येत होतं, पोटातून. भूल देणाऱ्याचं काम चांगलं झालं की ते झालेलं दिसत नाही, हे तिला कुणीतरी पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि तेव्हा तिला ते नुसतंच सांत्वन वाटलं होतं. आता एक पोर इथं पडली होती, उघडलेला आणि बसवलेला खुबा घेऊन, आणि तिला वाटत होतं की आपण शहाण्यासारखं पडून राहिलो म्हणून दुखणं आलंच नाही. याच्यापेक्षा चांगलं काय व्हायला हवं होतं? पण मग पोरीच्या त्या कोरड्या तोंडाकडं बघून दुसरं काहीतरी तिच्या आत हललं. पोर पहारा देत होती. शुद्धीवर आल्यापासून ती एकटी, सगळ्या अंगानं, न येणाऱ्या दुखण्यावर पहारा देत होती.

"म्हाळसा, ऐक," ती म्हणाली. "तू फार छान पडून राहिलीस. पण दुखत नाही ते औषधामुळं. मी दिलंय औषध, तिथं, आत. तू हललीस तरी नाही दुखणार."

म्हाळसानं तिच्याकडं पहिल्यांदा बघितलं. विश्वास नव्हता त्या नजरेत, पण जोखणं होतं, बाजारात भाव ऐकून घेणाऱ्या बाईचं असतं तसं.

"थोडंसं बघ. नुसता अंगठा."

"दुखंल."

"दुखलं तर थांब."

पोरीनं डोळे मिटले. कपाळावरचा टिळा आक्रसला. शिवांजलीनं न कळत हात पुढं केला आणि तळहात तिच्या डाव्या बोटांखाली धरला. वॉर्डात कुठंतरी भांडं पडलं, कुणी तिकडं बघितलं नाही. मग अंगठा हलला. इतका थोडा की तो बघितला नसता तर कळला नसता, पण तो तिच्या तळहातावर हलला, खाली, आणि तिथंच थांबला, वाट बघत. काहीच आलं नाही. अंगठा वर गेला. पुन्हा खाली आला. मग त्याच्याबरोबर बाकीची बोटं आली, एकदम, आखडली आणि उलगडली, आणि म्हाळसानं डोळे उघडले.

"न्हाई दुखलं," ती म्हणाली, आईला.

"हलव की मंग," मनिषा खालूनच म्हणाली. "हलव गं, दुसरा बी हलव."

दुसरं पाऊल जोरात हललं, चादरीवर घासलं. मग हात उठला आणि पोरीनं नाक खाजवलं, बराच वेळ, मनसोक्त, इतक्या तासांचं उरलेलं सगळं. शेजारची म्हातारी म्हणाली, "आता कसं," आणि परत आडवी झाली.

एक गोष्ट राहिली होती, ती सांगितल्याशिवाय जाणं बरं नव्हतं. शिवांजली म्हणाली, "माझं औषध हळूहळू उतरेल. संध्याकाळी कधीतरी थोडं दुखायला लागेल. तेव्हा गप्प पडून राहायचं नाही. लगेच सांगायचं. सिस्टर दुसरं औषध देतील."

"आन रडू आलं तर?"

"तर रडायचं."

म्हाळसानं विचार केला. बोटं हलतच होती, आता तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"मोठ्यानं?"

शिवांजलीनं मनिषाकडं बघितलं, कारण पोर तिच्याकडंच बघत होती, उत्तर तिच्याकडूनच यायला हवं होतं. मनिषा खाटेच्या दांडीला धरून उठली आणि लेकीच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "हां. मोठ्यानं. म्या जिथं आसंन तितं आयकाया यावं, येवड्या मोठ्यानं."